आधी सावली, मग पोफळ

पोफळीला शेंडा एकच. आंबा मोडला तर बुंध्यातून फुटतो, फणस फुटतो, जांभूळ तर तोडावं तेवढं फुटतं. पोफळीचं आणि माडाचं तसं नाही. शेंडा गेला की झाड गेलं, मग उभं राहिलेलं खोड म्हणजे नुसता खांब. आमच्या बोर्ली पंचतनात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी 3 जून 2020 च्या वादळानंतर कित्येक दिवस माणसं आपापल्या वाडीत उभी राहून, मान वर करकरून त्या खांबांकडे बघत होती. कुठे हिरवं दिसतंय का! मीही बघत होते.

मी रोपं करते. मुख्य सुपारीची, जोडीला थोडी मिरीची आणि जायफळाची. घराच्या मागे आमची वाडी आहे, तिच्या एका कडेला वाळूचे वाफे आणि पिशव्या. निसर्ग चक्रीवादळापूर्वी हा माझा वरखर्चाचा उद्योग होता. घर चालायचं ते वाडीच्या सुपारीवर आणि दिवेआगरला येणाऱ्या पर्यटकांना नारळ, कोकम, पापड विकून. दिवेआगर इथून चार-पाच किलोमीटर. वादळानंतर ना सुपारी राहिली ना पर्यटक. राहिले ते वाळूचे वाफे, आणि तेही झावळ्यांखाली गाडलेले.

वादळाच्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. दुपारी दोन-तीन तासांत जे व्हायचं ते झालं. पत्रे उडाले, कौलं गेली, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले. वर टाळेबंदी. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी मे महिन्यातच गावाला आले होते. आधी त्यांना शाळेत, समाजमंदिरात वेगळं ठेवून लोक लांबून बघत होते. वादळानंतर त्याच पोरांनी कुऱ्हाडी-करवती घेऊन रस्ते मोकळे केले. माझा मुलगाही त्यांत होता. मुंबईत एका दुकानात हिशेबाचं काम करायचा, ते दुकान मार्चला बंद झालं ते झालंच.

पंचनामे झाले. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50000 रुपये केली. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण आमच्याकडे हेक्टरात कोण मोजतो? आमच्या वाड्या गुंठ्यांच्या. हेक्टराचे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये झाले. गुंठ्यात नऊ-नऊ फुटांवर लावली तरी तेरा-चौदा पोफळी बसतात, आणि जुन्या वाड्यांत त्याहून दाट असायच्या. पुढे ओरड झाली तेव्हा झाडामागे मदत ठरली, सुपारीला 50 रुपये, नारळाला 250. मी तक्रार म्हणून सांगत नाही. पन्नास रुपयांत तेव्हा चांगलं रोपही जेमतेम आलं असतं, आणि रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच ते सात वर्षं लागतात, एवढंच सांगायचंय. पैशाने आडवी झाडं उचलून झाली असती. वाडी झाली नसती.

त्या पावसाळ्यात गावात बोलणी दोन तऱ्हांची चालायची. एक म्हणजे, देव परीक्षा बघतोय. हे मला कधीच पटलं नाही. परीक्षा घेणाऱ्याला पेपर तपासायची तरी हौस असते. इथे पास कोण आणि नापास कोण? ज्याने आयुष्यभर गावदेवीची ओटी चुकवली नाही त्याची वाडी भुईसपाट, आणि ज्याने वाडीत पाऊल टाकलं नाही त्या मुंबईकराच्या पन्नास पोफळी उभ्या. दुसरं बोलणं म्हणजे, देवाने नेलं, देव देईल. हे म्हणून झालं की माणूस ओटीवर बसून राहायचा. यात देवावर भरवसा किती आणि पायांत बळ नसल्याची सबब किती, हे ज्याचं त्याला माहीत. मी कोणाला नावं ठेवत नाही. पन्नास वर्षांची बाग दोन तासांत गेल्यावर माणसाने बसू नये तर काय करावं?

आमच्या सासूबाई या दोन्हींत नव्हत्या. त्यांना आम्ही आईच म्हणायचो. मुलाने एकदा चिडून त्यांना विचारलं, "आज्जी, सगळं देवच करतो ना? मग वादळ कोणी आणलं?"

"मला काय इचारतोस?" त्या म्हणाल्या. "मी दिवा लावते. त्याचा हिशोब मी ठेवत नाय."

आणि लगेच, "ती झावळ उचल. खाली काय हाय बघ."

खाली मिरी होती. आमच्या मिरीच्या वेली पोफळींवर चढवलेल्या. पोफळ पडली तशी वेलही जमिनीवर लोळली, वर झावळ्यांचा आणि पालापाचोळ्याचा थर. जुलैचा पाऊस धरलेला. आम्ही वेल मेली असं समजून बघितलंच नव्हतं. झावळ ओढली तर वेलीच्या पेरापेराला पांढरी मुळं सुटून चिखलात शिरलेली, आणि काही पेरांतून नखाएवढी पानं वर आलेली. वर चढायला खांब नव्हता, म्हणून वेल जमिनीवरूनच चालायला लागली होती. कोणी लावलं नव्हतं, कोणी पाणी घातलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसून एकेक पेर कापून पिशवीत लावत गेले आणि संध्याकाळपर्यंत पिशव्या संपल्या. गावात दुकानं धड उघडी नव्हती, पिशव्या आणायच्या कुठून? शेवटी घरोघरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन घेतल्या. त्या वर्षी माझी पहिली कमाई झाली ती या मिरीच्या रोपांची.

"देवाची करणी आणि नारळात पाणी" असं आपण सहज म्हणून जातो. नारळात पाणी कोणी भरत नाही हे खरंच. पण त्या माडाच्या आळ्यात कोणीतरी पाणी घातलेलं असतं. मला देवाच्या करणीचा अनुभव आला तो या दोन्हींच्या मधे. मिरीची मुळं मी काढली नव्हती. पण झावळ उचलली नसती तर पुढच्या महिन्यात ती कुजलीच असती.

आता सावलीचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे लक्षात येत नाही. भरलेली वाडी म्हणजे थंडगार काळोख असतो. मे महिन्यात भर दुपारी वाडीत शिरलं की अंगावर शहारा यावा इतका. पोफळी एकमेकींच्या सावलीत वाढतात. वादळाने ती सावलीच फाडली. ज्या थोड्या पोफळी उभ्या राहिल्या त्यांच्या खोडांवर जन्मात पहिल्यांदा उन्हाळ्याचं ऊन पडलं. दुपारनंतरचं, नैर्ऋत्येकडून येणारं ऊन सगळ्यांत वाईट. खोडाची ती बाजू पिवळी पडते, मग तपकिरी होते, मग तडे जातात, आणि एक दिवस बरी दिसणारी पोफळ मधोमध मोडते. वादळातून वाचलेली किती झाडं आम्ही पुढच्या उन्हात गमावली! काहींनी खोडांना झावळ्या बांधल्या, काहींनी चुना फासला. ज्यांना सुचलं त्यांची वाचली.

आणि अशा उघड्या वाडीत सुपारीचं रोप लावलं तर ते जगत नाही. सगळ्यांना घाई होती. पहिल्या पावसात मिळेल तिथून रोपं आणून लोकांनी लावली आणि मार्चपर्यंत ती करपून गेली. श्रीवर्धनला आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथलं सांगणंही तेच आणि सासूबाईंचंही तेच की आधी केळी लावा. केळ वर्षभरात माणसाच्या डोक्यावर जाते, तिच्या पानाखाली सुपारीचं रोप धरतं. म्हणजे एक वर्ष नुसती सावली करण्यात घालवायचं. त्या वर्षात हातात काही येत नाही. आलाच तर केळीचा लोंगर.

हे एक वर्ष काढणं सगळ्यांत अवघड गेलं. काम अवघड नव्हतं. आपण सुरुवात केली आहे हे कोणाला दाखवता येत नव्हतं, ते अवघड होतं. नातेवाईक फोनवर विचारायचे, "लावली का सुपारी?" मी सांगायची, "केळी लावल्यात." पलीकडे जरा वेळ शांतता. मी पुराणं फार वाचलेली नाही, पण सृष्टी निर्माण झाल्याच्या ज्या गोष्टी लहानपणी कीर्तनात ऐकल्या त्यांत माणूस कधीच पहिल्यांदा येत नाही. आधी पाणी येतं, मग जमीन, मग झाडं. ज्याच्या आधाराने जगायचं ते आधी आणि जगणारा नंतर. देवालाही क्रम चुकवता आला नाही, तर आपण कोण?

त्याच वर्षी मी बियाणं धरलं. ते जरा नीट सांगते.

आमच्याकडची सुपारी म्हणजे श्रीवर्धनी रोठा. फळ मोठं, आणि फोडल्यावर आत पांढरा गर भरपूर, खायला मऊ. बियाण्यासाठी कुठलंही झाड चालत नाही. ज्याची कांडी आखूड, शेंड्यात पानं दाट, जे दरवर्षी न चुकता धरतं, असं झाड हेरून ठेवायचं. वादळाआधी अशी झाडं मला तोंडपाठ होती. वादळानंतर आमच्या आणि शेजारच्या वाड्या धरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. हिवाळ्यात घड पिकून केशरी झाला की पाडेल्याला वर चढवायचं. एरवी तो घड कापून खाली टाकतो, पण बियाण्याचा घड दोरीने सोडायला लावायचा. आपटलेली सुपारी बाहेरून धड दिसते, आतून तिचा जीव हललेला असतो.

मग पाण्याचं पिंप भरायचं आणि एकेक फळ पाण्यात सोडायचं. काही बुडतात, काही आडवी तरंगतात, आणि काही देठाकडची बाजू वर करून सरळ उभी राहतात. ही उभी राहणारी तेवढी घ्यायची. त्यांची रोपं जोमदार होतात हा जुना अनुभव आहे आणि शास्त्रातही तसंच सांगितलंय. बाकीची सुपारी खायला. वाळूच्या वाफ्यात दोन-दोन बोटांवर, देठ वर ठेवून ती पुरायची, वर वाळूचा पातळ थर, त्यावर पेंढा, रोज शिंपण. दीड महिन्याने पहिला कोंब येतो. सगळे यायला तीन महिने लागतात.

सासूबाई वाफा पुरून झाला की हात धुवायच्या, वाफ्याला हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "आता तुझं." बस, एवढीच प्रार्थना. त्यानंतर पाणी घालायला तेवढं जायचं. मुलाला ते जमेना. तो चार दिवसांआड एखादी सुपारी उकरून बघायचा, परत पुरायचा. हिशेबाच्या कामाची सवय, रोजचं रोज जुळलं पाहिजे. सासूबाईंनी एकदा त्याचा हात धरला.

"बाबू, ती काय पळून जातेय? आतमध्ये काय चाललंय ते तुझ्या कामाचं नाय. तुझं काम वरनं पाणी."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढच्या वरसाला दुसरी."

ज्या सुपाऱ्या त्याने उकरल्या त्यांतल्या बऱ्याच आल्या नाहीत. कोवळं मूळ दुखावतं. देवावर भरवसा म्हणजे काय, यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. मला एवढंच कळलं की आपला वाटा चोख करायचा आणि त्याच्या वाट्यात बोट घालायचं नाही. पहिल्या अर्ध्याचा आळस केला की दुसरा अर्धा थोतांड होतो. आणि दुसरा अर्धा नसेल तर माणूस सात वर्षं नुसता उकरत बसेल.

एप्रिलअखेर वाफा हिरवा झाला. दोन पानांची रोपं पिशवीत काढून ठेवली आणि मे 2021 मध्ये तौक्ते आलं. रेडिओवर नाव ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आम्ही सगळ्यांनी मिळून पिशव्या पडवीत आणल्या, जागा उरली नाही तेव्हा माजघरात. दोन दिवस आम्ही रोपांच्या मधून पाय टाकत जेवलो-झोपलो. वारा सुटला, पाऊस झाला, पण वादळ समुद्रातून वर गुजरातकडे गेलं. तिकडच्या माणसांचं काय झालं असेल हे आम्हाला सांगायची गरज नव्हती.

रोपं विकायला काढली ती 2022 च्या पावसाळ्यात. गिऱ्हाईक उंच रोपाला हात घालतं. खरं तर बुटकं, जाड बुंध्याचं आणि जास्त पानांचं रोप घ्यावं. उंच झालेलं रोप बहुतेक वेळा सावलीत ताणलेलं असतं. हे ज्यांना समजावून सांगावं लागलं नाही असे एक चाचा आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला राहतात. बोर्लीत हिंदू-मुसलमान दोन्ही वस्त्या जुन्या आहेत आणि वाडीचं शहाणपण दोघांचं सारखंच. चाचांचा मुलगा आखातात, ते वाडी स्वतः करतात. प्रत्येक रोप उचलून पानं मोजायचे आणि पाचाला एक कमी असलं की परत ठेवायचे. भावही पाडून मागायचे. मी म्हटलं, "चाचा, या वयात एवढी घासाघीस?" तर रोपावरची नजर न हलवता त्यांनी सांगितलं की त्यांच्यात पैगंबरसाहेबांचं एक सांगणं आहे: हातात रोप असताना कयामत आली, तरी जमत असेल तर ते आधी लावून घ्यावं. "आणि लावायचंच तर चांगलं लावावं. पाच पानांचं दे." मी दिलं. भाव मात्र सोडला नाही.

इथे दिवेआगरची आठवण येते. तिथल्या पाटलांच्या वाडीत नोव्हेंबर 1997 मध्ये पोफळींना खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणपती निघाला. त्याने या किनाऱ्याचं नशीब पालटलं. गाड्या यायला लागल्या, घरोघर खोल्या निघाल्या. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मूर्ती गेली. तेव्हाही लोक म्हणाले होते, आता संपलं. नोव्हेंबर 2021 मध्ये सोन्याच्या मुखवट्याची पुन्हा स्थापना झाली. मी दर्शनाला जाते, मनापासून जाते. पण खरं सांगायचं तर मला नवल वाटतं ते पेटीपेक्षा तिच्यावर उभ्या असलेल्या पोफळींचं. सोनं जमिनीत जसं ठेवलं तसं निघालं. सुपारी एक पुरावी तर झाड होऊन दरवर्षी शेकड्याने देते.

सगळं गोड झालं असं नाही. आमच्या आळीतल्या एका कुटुंबाने वाडी विकली, तिथे आता सिमेंटच्या खोल्या आणि पोहण्याचा हौद आहे. त्यांच्या घरी आजारपण होतं, सात वर्षं थांबायची त्यांची ताकद नव्हती. काहींनी आडवी पडलेली खोडं तशीच कुजू दिली. त्यांत गेंड्या भुंग्याने अंडी घातली आणि तो शेजाऱ्यांच्या नव्या माडांचे शेंडे पोखरायला लागला. माझा मुलगा 2022 ला पनवेलला नोकरीवर लागला. त्याने इथेच राहावं अशी माझी इच्छा होती, पण वाडी अजून पगार देत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं मोजता येतं. पावसाळ्यात रजा काढून येतो, खड्डे भरतो. आता उकरत नाही. सासूबाई 2023 च्या श्रावणात गेल्या. शेवटच्या हिवाळ्यातलं बियाणं त्यांनी पिंपाशी पाट मांडून स्वतः निवडलं होतं.

आमच्या वाडीत लावलेल्या रोपांना अजून पोय आलेली नाही. खोडाची पहिली कांडी दिसायला लागली आहेत, केळी हळूहळू काढतोय. अजून दोन-तीन वर्षं तरी लागतील. रोपांचं काम मात्र आता वाडीच्या बरोबरीने घर चालवतं, आणि बचत गटातल्या आणखी चार बायका वाफे करायला शिकल्या आहेत.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. बोर्ली, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात अजून कितीतरी वाड्या निसर्गनंतर जशा होत्या तशाच पडून आहेत. मालक मुंबई-पुण्यात असतात, गणपतीला येतात, कुंपणाच्या दाराशी उभे राहून हळहळतात आणि जातात. त्यांना माझं सांगणं आहे. विकायची असेल तर विका, तुमचा तो हक्क आहे. पण ठेवायची असेल तर कुजकी खोडं आधी बाहेर काढा, आणि येत्या मिरगाला निदान केळी तरी लावून घ्या. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या कोणाला करायला द्या. सुपारीचं रोप त्याच्या पुढच्या वर्षी लागेल, तेव्हा या. बुटकी आणि पाच पानांची बाजूला काढून ठेवते. भावात घासाघीस चालणार नाही.